आमच्या घरी हिरे आले

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण सौ.ला एक हिरा घेऊन देणं मला जमलं नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या आधी मी हार्डवेअरच्या दुकानातून परत आलो आणि "अगं, हिरे आणलेत" म्हणालो, तेव्हा तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. हिरे खरेच होते. चार इंची पोलादी चकतीच्या कडेत बसवलेले, पिठासारखे बारीक आणि सगळे मिळून दीडशे रुपयांना! सोबत ती चकती गरगर फिरवणारं ग्राइंडर होतं. न्हाणीघरातली जाळीजवळची एक फरशी फुटली होती. ती बदलायचे मिस्त्रीने आठशे रुपये सांगितले आणि मी, निवृत्त माणसाला शोभेल अशा बाणेदारपणे, "मीच करतो" म्हणालो.

पहिल्या फरशीचे तीन तुकडे झाले. दुसरीची कड उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी निघाली. तिसरीला हात घालेपर्यंत गॅलरीतली तुळस, दोरीवरचे कपडे, शेजाऱ्यांचा पोपट आणि मी असे सगळे एकाच रंगाचे झालो होतो. तेव्हा सौ.ने मेन स्विच बंद केला आणि मिस्त्रीला फोन लावला. आता त्याने हजार सांगितले. वरचे दोनशे माझं काम निस्तरण्याचे.

हाताने हरलेला मध्यमवर्गीय माणूस शेवटी पुस्तकाचा आसरा घेतो. मिस्त्री दुसऱ्या दिवशी यायचा होता. ती रात्र मी फरशी कापण्याचा इतिहास वाचण्यात घालवली.

माझ्या आजोळी पुढच्या खोलीत शेणाचं सारवण आणि मागे शहाबादी फरशी होती. शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथला चुनखडीचा दगड थराथराने निघतो. पाथरवट त्यावर छिन्नीने रेघ मारायचा, तिच्यावरून टाकटुक करत पुन्हा पुन्हा जायचा आणि शेवटी दगडच कंटाळून त्या रेघेवर दुभंगायचा. वेळ फार जायचा, पण तेव्हा वेळ स्वस्त होता.

साहेबाच्या राज्यात फरशीही साहेबाच्या देशातून येऊ लागली. मुंबईत भायखळ्याचं म्युझियम, म्हणजे आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली उघडलं. त्याच्या जमिनीवर इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या नक्षीदार फरश्या आहेत. परदेशी कापडाची होळी करता येते, परदेशी फरशीची करता येत नाही. तिला उत्तर म्हणजे दुसरी फरशी. ते उत्तर १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी भारत टाइल्स काढून दिलं. स्वदेशीची चळवळ अशी थेट पायाखाली आली.

पुढे भट्टीत भाजलेली, वरून काचेसारखी चकचकीत फरशी घरोघर पोचली आणि छिन्नीचे दिवस भरले. वरून काच आणि आतून खापर! छिन्नी एकीकडे मारावी तर टवका दुसरीकडे उडतो. स्पेनमधल्या रुबी या गावच्या बोआडा बंधूंनी १९५१ साली यावर तोड काढली. काच कापतात तशी कठीण चाकाने वर एक रेघ ओढायची आणि दाब देऊन फरशी मोडायची. झकास! पण ही युक्ती सरळ रेघेपुरतीच. आमच्या जाळीभोवतीचा एल आकाराचा तुकडा काही तिने निघत नाही.

तिथे ग्राइंडर लागतं. ते १९५४ साली जर्मनीतल्या आकरमान आणि श्मिट या कंपनीने बाजारात आणलं. कंपनीच्या मालाचं नाव 'फ्लेक्स'. आपण जशी कुठल्याही मशीनवर 'झेरॉक्स' काढतो, तसा जर्मन माणूस अजून कुठल्याही ग्राइंडरने 'फ्लेक्स' करतो. गंमत म्हणजे त्याच वर्षी, १६ डिसेंबरला, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल या रसायनशास्त्रज्ञाने सुमारे एक लाख वातावरणांइतका दाब देऊन हिरे तयार केले. कंपनीने खूश होऊन त्याला बक्षीस दिलं दहा डॉलरचा बचत रोखा! हिरे करणाऱ्याचीही हिऱ्याची ऐपत नव्हती हे वाचून मला फार बरं वाटलं. यंत्र जर्मनीचं, हिरे अमेरिकेचे. दोघांची गाठ पुढे पडली आणि कारखान्यातले हिरे फरशीवाल्याच्या पिशवीत आले.

सकाळी मिस्त्री आला. पंचेचाळिशीचा, सडपातळ. त्याने माझी चकती हातात घेतली आणि हसला. "काका, ही खाचांची हाय. ही काँक्रीटची. हिनं फरशी कुरतडती." त्याने आपल्या पिशवीतून अखंड कडेची, पातळ चकती काढली. फरशीवर रेघ मारायच्या जागी कागदी चिकटपट्टी लावली, गुण्या धरून तिच्यावर पेन्सिल ओढली. खाली थर्माकोलचा जाड तुकडा ठेवला, म्हणजे फरशी सगळीकडून टेकलेली राहील. मी एका दमात आरपार कापायला गेलो होतो. त्याने चकचकीत बाजूने आधी जेमतेम दोन मिलिमीटर खोल चर पाडली. मग दुसरा हात, मग तिसरा. दाब नाही, घाई नाही, चकती चरीत तिरकी करणं नाही. एलच्या कोपऱ्यात वरून रेघेच्या अलीकडेच थांबला आणि उरलेलं मागच्या बाजूने सोडवलं. तुकडा सुटला. कड अशी, की बोट फिरवत राहावं.

"चकती कापत नाय काका, झिजवती," तो म्हणाला. "तिला तिच्या चालीनं जाऊ द्यायचं." आणि खोकला. बराच वेळ खोकला.

तेव्हा मी फरशीवरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. फरशीला टवका उडू नये म्हणून त्याने इतकं सगळं केलं होतं. स्वतःसाठी तोंडाला एक रुमाल होता. डोळ्यांवर काही नाही. ग्राइंडरचं लोखंडी आवरण 'आड येतं' म्हणून केव्हाच काढून टाकलेलं. मी रात्री हिशेब केला होता. मिनिटाला अकरा हजार फेरे घेणाऱ्या चार इंची चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर धावते. ती फुटली तर तुकडा त्याच वेगाने सुटणार.

आणि धूळ! फरशीत सिलिका असते. कपड्यांवर दिसते ती धूळ झटकता येते. जी दिसतच नाही ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथे व्रण धरतात, ते भरून येत नाहीत, आणि वर क्षयाला दार उघडं राहतं. हे काल कळलेलं नाही. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात पाथरवटांच्या छातीची ही दुखणी आहेत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ओट्याच्या कृत्रिम दगडावर बंदी घातली, ती याच धुळीमुळे. मधली सव्वातीनशे वर्षं चकतीचा वेग वाढवण्यात गेली.

"पाणी मारून का नाही कापत?" मी विचारलं.

"ह्या मशीनवर पाणी मारलं तर करंट बसंल. पाण्याचं मशीन येगळं येतं. ठेकेदार म्हणतो, चिखल होतो."

त्याचं खरं होतं. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणं म्हणजे यमाला पत्ता कळवणं. पाण्याची सोय असलेलं मशीन हवं आणि त्याच्या लाइनवर ईएलसीबी हवा. नाहीतर चकतीवर टोपी बसवून धूळ ओढून घेणारा पंप हवा. शिवाय चष्मा, आणि रुमाल नव्हे, घट्ट बसणारा एन-९५ मास्क. या सगळ्यापेक्षा चिखल पुसायला फडकं स्वस्त पडतं, पण फडकं मारायचं ठेकेदाराला आणि खोकायचं मिस्त्रीला.

"डॉक्टरकडे गेला होतात?"

"गेलतो की. बिडी ओढता का म्हणाले. नाय म्हटलं. औषधाची बाटली दिली."

"धंदा काय, ते विचारलं?"

"नाय. ते कशाला इचारतील?"

रामाझिनीने सगळ्या वैद्यांना एक कळकळीची सूचना करून ठेवली आहे: रोग्याला इतर प्रश्न विचाराल, तसा 'तुझा धंदा काय?' हाही विचारा. मी वहीचा कागद फाडला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'वीस वर्षं फरशी कापतो. छातीचा एक्स-रे काढावा.' हजार रुपयांबरोबर तो त्याच्या हातात दिला. सौ.ने आतून करोनाच्या वेळचे उरलेले चार मास्क आणले आणि एक त्याला तिथेच लावायला लावला. तिच्यापुढे माझंही काही चालत नाही.

मिस्त्रीने कागद उलटसुलट केला. "बिल हाय का, काका?"

"नाही हो," मी म्हणालो, "डॉक्टरांचा एक प्रश्न राहिलाय, त्याचं उत्तर आहे. पुढच्या वेळी आधी हा कागद दाखवा, खोकला मागून."