बॉब मार्ली : टी-शर्टवर उरलेला विद्रोह

बॉब मार्लीचा चेहरा आज जगभर विकला जातो. टी-शर्टवर, पोस्टरवर, मोबाईलच्या कव्हरवर. लांब जटा, गांजाचा धूर आणि प्रेम-शांतीचा गोड संदेश, एवढीच त्याची ओळख शिल्लक ठेवली गेली आहे. आम्हाला प्रश्न पडतो, की ज्याला एका देशाने आपल्या स्वातंत्र्याच्या रात्री गायला बोलावले, तो नुसता मौजमजेचा गायक कसा काय ठरला?

मार्लीचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी जमैकात झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचा हा देश, तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होता. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन या गरीब वस्तीत तो वाढला. तिथेच रेगे घडला.

त्याच्या गाण्यांमागे विचार होता. 'रिडेम्प्शन साँग'मागे मार्कस गार्वे यांचे १९३७ चे भाषण आहे. मनाची गुलामगिरी ज्याची त्यानेच तोडायची, हा त्या भाषणाचा गाभा. 'वॉर' हे गाणे इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांच्या संयुक्त राष्ट्रांतील १९६३ च्या भाषणावरून आले. एक वंश श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ मानला जातो तोवर शांतता नाही, हे त्याचे सांगणे. रास्ताफारी पंथ या सम्राटाला देव मानतो. माणसाला देव करणे आम्हाला मान्य नाही. पण पंथ पटला नाही म्हणून गाण्यातला समतेचा विचार खोटा ठरत नाही.

१९७९ मध्ये मार्लीने 'झिम्बाब्वे' हे गाणे आणले. तेव्हा तिथला मुक्तिलढा चालू होता. एप्रिल १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा मार्ली स्वखर्चाने सामान घेऊन तिथे गेला. रुफारो स्टेडियमबाहेर अडवलेली सामान्य जनता आत घुसू लागली आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मार्ली दुसऱ्या दिवशी त्या जनतेसाठी पुन्हा गायला. तिकडे ऑस्ट्रेलियात 'नो फिक्स्ड ॲड्रेस' या बँडच्या आदिवासी तरुणांनी आपले दुःख मांडायला रेगेच निवडला. शोषितांनी त्याला असा ओळखला होता.

११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, कर्करोगाने त्याचे निधन झाले. १९८४ मध्ये 'लेजंड' हा निवडक गाण्यांचा अल्बम आला आणि तुफान खपला. त्यात 'रिडेम्प्शन साँग' आहे, पण 'वॉर' नाही, 'झिम्बाब्वे' नाही. बहुतेक जगाला मार्ली भेटला तो या निवडीतून!

बंडखोराला गप्प करायला बंदीच घालावी लागते असे नाही. त्याच्यातले सोयीचे तेवढे ठेवून बाकीचे गाळले तरी काम होते. बाजार हेच करतो. म्हणून मित्रांनो, मार्लीचा टी-शर्ट जरूर घाला, पण गाळलेली ती दोन गाणी आधी ऐका. मगच ठरवा, तो कोणाचा होता.