टॉर्क कन्व्हर्टर : जहाजाच्या पोटातून मोटारीच्या थरथरीपर्यंत

ऑटोमॅटिक गाडी हायवेवर साठ-सत्तरच्या वेगाने निवांत चाललेली असते. ॲक्सिलरेटरवर पाय हलकाच असतो. अशा वेळी खालून बारीक थरथर सुरू होते, जणू चाके रस्त्यावरच्या रम्बल पट्ट्यांवरून जात आहेत. दोन-तीन सेकंदांत ती थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा येते. गाडी गॅरेजला नेली की बऱ्याचदा एकच वाक्य ऐकू येते, ‘गिअरबॉक्स गेला.’ त्यामागून येणारा खर्चाचा आकडा ऐकून जुनी ऑटोमॅटिक घेतलेला माणूस गाडी विकण्याच्या विचाराला लागतो.

प्रत्यक्षात या थरथरीमागे अनेकदा अख्खा गिअरबॉक्स नसतो, टॉर्क कन्व्हर्टरचा एक भाग असतो. तो भाग यंत्राच्या मूळ कल्पनेत नव्हता. पुढे इंधनाच्या टंचाईमुळे तो जगभरच्या गाड्यांत शिरला. म्हणून हा बिघाड नीट समजायचा तर थोडा इतिहास पाहावा लागतो.

आगबोटीतला पेच

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजबांधणीपुढे एक अडचण उभी होती. वाफेचे टर्बाइन जितके वेगाने फिरेल तितके चांगले काम देते. जहाजाचा पंखा मात्र पाण्यात सावकाश फिरला तरच नीट ढकलतो. दोघांच्या मध्ये दातेरी चक्रे बसवून वेग कमी करावा, तर एवढ्या ताकदीची आणि एवढ्या अचूकतेची चक्रे कापण्याचे तंत्र तेव्हा पुरेसे पक्के नव्हते.

जर्मनीच्या श्टेटिन बंदरात, म्हणजे आजच्या पोलंडमधील श्चेचिनमध्ये, व्हल्कन नावाचा जहाज कारखाना होता. तिथे हेर्मान फ्योटिंगर हा १८७७ साली न्युरेंबर्गमध्ये जन्मलेला अभियंता काम करत होता. त्याने दातेरी चक्रांचा नादच सोडला. इंजिनाने पंप फिरवावा, पंपाने पाणी ढकलावे आणि त्या पाण्याने दुसरे चक्र फिरवावे, एवढी ही कल्पना. पण पंप एकीकडे, चक्र दुसरीकडे आणि मध्ये नळ्या ठेवल्या, तर बरीच शक्ती नळ्यांतच वाया जाते. फ्योटिंगरने नळ्या काढून टाकल्या. पंप आणि टर्बाइन एकाच डब्यात समोरासमोर आणून बसवले आणि त्यांच्यासोबत तिसरे, स्थिर चक्र ठेवले. १९०५ मध्ये त्याने या रचनेचे पेटंट घेतले.

घरात टेबलफॅन सुरू करून त्याच्यासमोर बंद पंखा ठेवला, की वाऱ्याने तोही फिरू लागतो. फ्योटिंगरच्या डब्यात वाऱ्याऐवजी द्रव होता, एवढाच फरक. खरी करामत होती त्या तिसऱ्या चक्राची. त्याला आज स्टेटर म्हणतात. टर्बाइनला धक्का देऊन परतणारा प्रवाह पंपाच्या उलट दिशेने आदळला असता. स्टेटर त्याला वळवून योग्य दिशेने पंपाकडे पाठवतो. त्यामुळे बाहेर मिळणारा वेग कमी होतो, पण फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, वाढतो. एकही दाता नसलेला हा गिअर होता.

१९१३ मध्ये ‘क्योनिगिन लुइझे’ नावाची प्रवासी आगबोट या यंत्रासह पाण्यात उतरली. हौशी प्रवाशांना समुद्रावरच्या हेल्गोलँड बेटावर नेणे हे तिचे काम होते. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. तिच्यावर घाईघाईने सुरुंग चढवले गेले आणि ५ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिश युद्धनौकांनी तिला बुडवले. तिने पेरलेल्या सुरुंगांवर दुसऱ्याच दिवशी ‘ॲम्फियन’ ही ब्रिटिश क्रूझर बुडाली. तोवर दातेरी चक्रे कापण्याचे तंत्र सुधारत आले होते आणि जहाजांना फ्योटिंगरच्या डब्याची गरज उरली नाही. ज्या कामासाठी शोध लागला, ते काम त्याच्या हातून गेले.

रस्त्यावर पुनर्जन्म

या डब्यातून स्टेटर काढला तर टॉर्क वाढत नाही, पण मऊ जोडणी उरते. तिला फ्लुइड कपलिंग म्हणतात. हॅरल्ड सिंक्लेअर या ब्रिटिश अभियंत्याने ती वाहनांकडे वळवली. लंडनच्या बस निघताना प्रवाशांना जे हिसके बसत, ते कसे टाळावेत हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. १९३० पासून डेमलर कंपनीने आपल्या गाड्यांत ही जोडणी द्यायला सुरुवात केली. त्याच सुमाराला जर्मनीतील कार्ल्सरूह येथील ‘ट्रिलॉक’ गटाने स्टेटरला एकाच दिशेने फिरू देणारा क्लच बसवला. सायकलचे फ्रीव्हील ज्या तत्त्वावर चालते, तेच हे तत्त्व. गाडी निघताना स्टेटर घट्ट उभा राहून टॉर्क वाढवतो. वेग आला की तो मोकळा फिरू लागतो आणि कन्व्हर्टर आपोआप साधी जोडणी बनतो. आजच्या गाड्यांतील कन्व्हर्टर याच वंशातले आहेत.

अमेरिकेत ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आला. तो पूर्ण ऑटोमॅटिक होता, पण त्यात फ्लुइड कपलिंग होते, टॉर्क कन्व्हर्टर नव्हता. मग दुसरे महायुद्ध आले. क्लच आणि गिअरशी झटापट न करता अवजड वाहन हाकता आले, तर चालकाचे लक्ष समोर राहते. ‘हेलकॅट’ या रणगाडाविरोधी वाहनात टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स बसला. युद्ध संपले आणि १९४८ मध्ये ब्युइकने ‘डायनाफ्लो’ बाजारात आणला. नेहमीच्या चालवण्यात त्यात गिअर बदलतच नसे. वेग वाढवण्याचे सारे काम कन्व्हर्टर करी. गाडी लोण्यासारखी चाले, पण सुस्त. लोकांनी तिचे नाव ठेवले ‘डायनास्लश’, म्हणजे चिखलातून चालणारी.

फ्योटिंगरने हे पाहिले नाही. १९४५ मध्ये, बर्लिन पडण्याच्या दिवसांत, त्या शहरातच त्याचा मृत्यू झाला.

मऊपणाची किंमत

द्रवाने जोडलेली दोन चक्रे कधीच तंतोतंत एका वेगाने फिरत नाहीत. टर्बाइन पंपाच्या थोडे मागेच राहते. या घसरणीतून उष्णता तयार होते, आणि ती उष्णता म्हणजे जळालेले पेट्रोल.

यावरचा उपाय पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्येच दाखवला होता. त्यांच्या ‘अल्ट्रामॅटिक’मध्ये वेग आला की एक क्लच लागे आणि पंप व टर्बाइन थेट जोडले जात. घसरण संपे. याला लॉक-अप म्हणतात. पण अमेरिकेत तेव्हा पेट्रोल स्वस्त होते. बहुतेक मोठ्या कंपन्यांना या जादा भागाचा खर्च नको होता आणि लॉक-अप मागे पडला.

१९७३ च्या तेलबंदीने हा हिशेब बदलला. अरब देशांनी पुरवठा रोखला आणि अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. १९७५ मध्ये तिथल्या संसदेने गाड्यांच्या सरासरी मायलेजचा कायदा केला. १९७८ च्या मॉडेलपासून तो लागू झाला आणि त्याच वर्षी क्रायस्लरने आपल्या गाड्यांत लॉक-अप कन्व्हर्टर आणला. इतर कंपन्या मागोमाग आल्या. पुढे संगणक आला आणि मायलेजचा आणखी एक थेंब पिळण्यासाठी अभियंत्यांनी हा क्लच कमी वेगालाही लावायला सुरुवात केली. पण कमी वेगाला पूर्ण लावला तर इंजिनाचे धक्के केबिनपर्यंत येतात. म्हणून अनेक गाड्यांत त्याला मुद्दाम किंचित घसरत ठेवले जाते. सतत घासत राहायचे आणि तरीही आवाज करायचा नाही, हे काम त्या पातळ क्लचच्या आणि त्याच्याभोवतीच्या तेलाच्या माथी आले.

देवमाशाचे तेल

खडू फळ्यावर किंचाळतो तो का? तो अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, आणि हे सेकंदात अनेकदा घडते. लॉक-अप क्लचची थरथर म्हणजे हाच प्रकार. ती टाळायची तर घर्षण योग्य प्रमाणात ठेवणारे द्रव्य तेलात असावे लागते. सुरुवातीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलांत हे काम एका देवमाशाची चरबी करी. डोक्यात तेलाचे भांडार बाळगणारा स्पर्म व्हेल हा तो मासा. त्याचे तेल उष्णतेत टिके आणि घर्षण गुळगुळीत ठेवी. अमेरिकन मोटार उद्योग रस्त्यावरचा आराम थोडासा समुद्रातूनही उपसत होता.

१९७० मध्ये अमेरिकेने मोठे देवमासे धोक्यातील प्राण्यांच्या यादीत घातले आणि त्यांच्या तेलाची आयात बंद झाली. रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावे लागले. तेव्हापासून आजपर्यंत गिअरबॉक्सच्या तेलाचा इतिहास हा मुख्यतः या घर्षण सांभाळणाऱ्या द्रव्यांचा इतिहास आहे. ही द्रव्ये उष्णतेने आणि वापराने संपत जातात. तेल डब्यात तेवढेच दिसते, पण त्याचा गुण निघून गेलेला असतो. ‘लाल रंगाचे कुठलेही तेल चालते’ हा सल्ला म्हणूनच महागात पडतो. रंग ओळखीसाठी असतो, गुण त्यात नसतो.

रुळांवरचा भारतीय धडा

आपल्याकडे मोटारींत ऑटोमॅटिक उशिरा रुजली, पण हे यंत्र रेल्वेने खूप आधी ओळखले. मनमोहन सुरी या भारतीय रेल्वेच्या अभियंत्याने डिझेल इंजिनांसाठी ‘सुरी ट्रान्समिशन’ तयार केले. द्रवाची मऊ जोडणी आणि यांत्रिक थेट जोडणी या दोघींचा त्यात मेळ होता. गाडी जागेवरून ओढताना द्रवाचा जोर कामी येतो आणि वेगात थेट जोडणी इंधन वाचवते. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेल्या डब्ल्यूडीएस-४ या शंटिंग इंजिनांत हे ट्रान्समिशन वापरले गेले. सुरी यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारही मिळाला. पॅकार्डपुढे जो प्रश्न होता, तोच त्यांच्यापुढे होता आणि उत्तराची दिशाही तीच होती.

मग थरथरणाऱ्या गाडीचे काय करावे?

इतिहास समजला की तपासणीचा क्रमही समजतो. थरथर हलक्या ॲक्सिलरेटरवर, स्थिर वेगाला येत असेल, तर मागची वाहने पाहून ब्रेकच्या पेडलला पाय नुसता टेकवून बघावा, गाडी थांबवायची नाही. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच लागला की लॉक-अप सुटतो. थरथर त्या क्षणी नाहीशी झाली, तर संशय लॉक-अपवर जातो. तरीही इथे घाई नको. लॉक-अप लागलेला असताना इंजिनाचा प्रत्येक हिसका थेट जाणवतो. एखादा स्पार्क प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तरी अगदी तशीच थरथर येते. म्हणून आधी स्कॅनर लावून मिसफायर पाहावा. काही हजारांत सुटणाऱ्या दुखण्यासाठी गिअरबॉक्स उतरवणे हा शुद्ध तोटा आहे.

त्यानंतर तेल. ते काळे झाले आहे का, जळका वास येतो का, त्यात चमकणारा धातूचा चुरा आहे का, हे पाहावे. चुरा नसेल आणि त्रास नवा असेल, तर कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचे तेल बदलून थांबावे. पुष्कळदा थरथर यानेच जाते, कारण संपलेले द्रव्य परत मिळते. एकदा तेल काढल्याने कन्व्हर्टरमधले सगळे तेल निघत नाही, त्यामुळे थोड्या अंतराने पुन्हा बदलावे लागू शकते. तरीही फरक पडला नाही, तर लॉक-अपचा दाब सांभाळणारा सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह तपासावेत. सिग्नलला थांबताना इंजिन धडकन बंद पडत असेल, तर लॉक-अप सुटत नाही असे समजावे. क्लच न दाबता मॅन्युअल गाडी थांबवली की जे होते, तेच इथे होते.

कन्व्हर्टरचे इतर भाग वेगळ्या खुणा देतात. गाडी निघताना मेलेली आणि वेगात ठीक असेल, तर स्टेटरचा एकदिशा क्लच घसरत असू शकतो. उलट निघताना ठीक आणि हायवेवर दम लागून तापत असेल, तर तोच क्लच अडकलेला असू शकतो. गिअर टाकून उभे असताना घरघर आणि न्यूट्रलमध्ये शांतता, असे असेल तर आतले बेअरिंग तपासावे लागते. तेलात धातूचा चुरा दिसला तर मात्र वाट पाहू नये. कन्व्हर्टरमधून निघालेला चुरा व्हॉल्व्ह आणि क्लचमध्ये जातो, आणि तेव्हा गॅरेजवाल्याचे ते वाक्य खरे ठरते. कन्व्हर्टर बदलताना पंपाचे सील नवे टाकणे आणि तेलाचा कूलर धुणे किंवा बदलणे हे त्याच कामाचे भाग आहेत. कूलरमध्ये अडकलेला जुना चुरा नव्या कन्व्हर्टरलाही सोडत नाही.

‘आमचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे काही कंपन्या सांगतात. कोणाच्या आयुष्यभर, हे विचारून ठेवावे. पहिल्या मालकाच्या आयुष्याचा हिशेब वेगळा असतो आणि गाडी तिसऱ्या हातात घेणाऱ्याचा वेगळा. आपल्याकडे ऑटोमॅटिक आता या तिसऱ्या हातांत पोहोचू लागली आहे. कर्ज काढून गाडी घेणारे, तिच्यावर धंदा करणारे आणि डावा पाय अधू असल्याने दुसरी गाडी चालवूच न शकणारे लोक त्या हातांत आहेत. गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्यापूर्वी मिसफायर पाहिला का, तेल पाहिले का, सोलेनॉइड पाहिला का, एवढे तीन प्रश्न त्यांनी विचारावेत. उत्तर देताना मेकॅनिक चिडला, तर गाडी दुसऱ्याला दाखवावी.