डिजिटल अध्यापन साधनांची देवाणघेवाण

पाठटाचणे, प्रश्नसंच, स्वाध्यायपत्रिका, नकाशे, आकृत्या, ध्वनिचित्रफिती, प्रयोगांच्या चलत् प्रतिकृती इ. अध्यापनोपयोगी साहित्य संगणकीय स्वरूपात साठवून एका शिक्षकाने ते दुसऱ्या शिक्षकास वापरण्यासाठी, तसेच गरजेप्रमाणे बदलण्यासाठी उपलब्ध करून देण्याची प्रथा. ही प्रथा विशेषतः माध्यमिक शाळांत रुजली. माध्यमिक शिक्षक विषयवार नेमलेले असतात आणि एकच अभ्यासक्रम शेकडो शाळांत एकाच वेळी शिकविला जातो. परंतु लहान शाळेत गणिताचा वा विज्ञानाचा शिक्षक बहुधा एकटाच असतो. आपल्या विषयाविषयी बोलण्यास त्याला सहकारी मिळतो तो शाळेबाहेरच. या देवाणघेवाणीचा इतिहास पाहता असे दिसते, की साहित्याची प्रत काढण्याचे तंत्र लवकर साध्य झाले. ती प्रत वाटण्याचा व बदलण्याचा अधिकार मात्र शिक्षकाला पुष्कळ उशिरा आणि अपुराच मिळाला.

पूर्वपीठिका : संगणकापूर्वीही शिक्षक आपले साहित्य एकमेकांस देत असत. इंग्लंडमध्ये भूमितीचे अध्यापन सुधारण्यासाठी १८७१ मध्ये शिक्षकांची एक संघटना स्थापन झाली. तिचेच पुढे ‘मॅथेमॅटिकल असोसिएशन’ झाले आणि १८९४ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. महाराष्ट्रात विषय शिक्षकांचे मेळावे, चक्रमुद्रित प्रश्नसंच आणि शिक्षणविषयक मासिके यांनी हे कार्य केले. या साधनांच्या मर्यादा उघड होत्या. प्रत काढण्यास खर्च येई, प्रतीवरून काढलेली प्रत अधिकाधिक पुसट होई आणि मूळ साहित्यात दुरुस्ती करावयाची झाल्यास ते सर्व पुन्हा लिहावे लागे.

आरंभीचे प्रयोग : अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात या देवाणघेवाणीचे एक जुने आणि बोधप्रद उदाहरण आढळते. १९७१ मध्ये मिनीॲपोलिस येथे अध्यापनाचा सराव करणारे डॉन रॉविच हे आठवीच्या वर्गाला अमेरिकेच्या पश्चिमेकडील स्थलांतराचा इतिहास शिकवीत होते. बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या दोन सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी ‘ऑरेगन ट्रेल’ ही संगणकीय आज्ञावली तयार केली. विद्यार्थी टंकमुद्रकावर आज्ञा देत आणि दूरध्वनीच्या तारेने जोडलेल्या दूरच्या संगणकाकडून त्यांना उत्तर येई. सत्र संपल्यावर ही आज्ञावली संगणकावरून पुसून टाकण्यात आली. तिची कागदावरील छापील प्रत तेवढी रॉविच यांच्यापाशी राहिली. राज्यातील शाळांना संगणकसेवा पुरविण्यासाठी १९७३ मध्ये ‘मिनेसोटा एज्युकेशनल कंप्युटिंग कन्सॉर्शियम’ (मेक) ही सार्वजनिक संस्था स्थापन झाली होती. रॉविच १९७४ मध्ये तेथे नोकरीस लागले. त्यांनी ती आज्ञावली पुन्हा टंकलिखित केली, स्थलांतरितांच्या रोजनिशा वाचून तिच्यातील आजार, हवामान, अपघात इ. घटनांचे प्रमाण सुधारले आणि १९७५ मध्ये ती राज्याच्या संगणकजाळ्यावर ठेवली. एका वर्गासाठी केलेले साधन अशा रीतीने राज्यभरातील शाळांच्या हाती आले. १९७८ मध्ये क्रिएटिव्ह कंप्युटिंग या नियतकालिकाने तिची संपूर्ण संहिताही छापली. पुढे वैयक्तिक संगणकांच्या काळात या साधनांची विक्री वाढली आणि १९९० नंतरच्या दशकात ‘मेक’ खाजगी मालकीची झाली.

ब्रिटनमध्ये १९८० ते १९८६ या काळात शासनाने ‘मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स एज्युकेशन प्रोग्रॅम’ ही योजना राबविली. शिक्षकांचे प्रशिक्षण, अभ्यासक्रमाला पूरक आज्ञावल्यांची निर्मिती आणि प्रादेशिक केंद्रांमार्फत त्यांचा प्रसार ही तिची प्रमुख अंगे होती. त्याच सुमारास बीबीसी मायक्रो हा संगणक तेथील शाळांत मोठ्या प्रमाणावर पोहोचला. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरतेचा प्रायोगिक प्रकल्प सु. २५० माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांत सुरू केला. त्यातही हाच संगणक वापरण्यात आला. तथापि भारतीय शिक्षकांनी स्वतः तयार केलेले साहित्य शाळाशाळांतून फिरावे, एवढी यंत्रे व जोडण्या त्या काळी उपलब्ध नव्हत्या.

इंटरनेटचा काळ : १९९० नंतरच्या दशकात इंटरनेटचा प्रसार झाला आणि प्रत काढण्याचा व पाठविण्याचा खर्च नगण्य झाला. याच काळात साधनांचे स्वरूपही बदलले. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ‘जिओजेब्रा’ ही भूमिती व बीजगणिताची प्रणाली विकसित करण्यास आरंभ केला. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ‘फेट’ हा प्रकल्प सुरू करून विज्ञानातील प्रयोगांच्या चलत् प्रतिकृती विनामूल्य उपलब्ध करून दिल्या. या दोन्ही ठिकाणी मूळ साधन तज्ञांनी तयार केले. परंतु त्यावर आधारित स्वाध्याय, निरीक्षणपत्रके व पाठ हे ठिकठिकाणच्या शिक्षकांनी रचून त्याच संकेतस्थळांवर ठेवले. एखादी प्रतिकृती वर्गात कोणत्या प्रश्नापासून सुरू करावी आणि विद्यार्थी कोठे अडतात, हे अनुभवाचे ज्ञान अशा साहित्यातूनच एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाते.

लेखाधिकार व मुक्त परवाने : साहित्य इंटरनेटवर विनामूल्य मिळते, याचा अर्थ ते बदलण्याची किंवा पुन्हा प्रकाशित करण्याची मुभा आहे, असा होत नाही. बहुतेक देशांत लेखन होताच लेखाधिकार आपोआप निर्माण होतो. शिवाय शिक्षकाने तयार केलेल्या साहित्याचा मालक शिक्षकच असतो, असेही नाही. भारताच्या १९५७ च्या लेखाधिकार अधिनियमानुसार, विरुद्ध करार नसल्यास, नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा प्रथम मालक नियोक्ता असतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका माध्यमिक शिक्षकाच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने २००४ मध्ये असा निर्णय दिला, की शिक्षकाने वर्गासाठी तयार केलेल्या चाचण्या व गृहपाठ यांची मालकी शाळा-प्रशासनाकडे राहते. असे असूनही २००६ मध्ये न्यूयॉर्क येथील एका शिक्षकाने शिक्षकांनी शिक्षकांस साहित्य विकण्याचे ‘टीचर्स पे टीचर्स’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि त्याचा मोठा विस्तार झाला. शिक्षकाचे घरी बसून केलेले काम दान समजावे, नोकरीचा भाग समजावा की व्यवसाय, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

भारतीय अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रत लेखाधिकाराचा भंग मानलेली नाही. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या तरतुदीचा उदार अर्थ लावला. परंतु ही सवलत अध्यापनापुरती आहे. दुसऱ्याचे साहित्य आपल्या पाठात मिसळून ते जगासाठी प्रसिद्ध करणे ही वेगळी बाब होय.

ही अडचण दूर करण्याचा मार्ग मुक्त परवान्यांनी दाखविला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये आपले पहिले परवाने प्रसिद्ध केले. त्यांद्वारे लेखक आपला लेखाधिकार न सोडता, नामनिर्देश करणे, तोच परवाना पुढे चालविणे इ. अटींवर इतरांना वापराची पूर्वसंमती देऊ शकतो. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम-साहित्य खुले करण्याची घोषणा केली होती. जुलै २००२ मध्ये यूनेस्कोच्या परिषदेत अशा साहित्यासाठी ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा योजण्यात आली. केपटाउन जाहीरनामा (२००८) व पॅरिस जाहीरनामा (२०१२) यांनंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये यूनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने या विषयावरील शिफारस स्वीकारली.

शिक्षकांचे संघटित लेखन : फ्रान्समधील गणित शिक्षकांनी २००१ मध्ये ‘सेझामाथ’ ही संघटना स्थापन केली. आरंभी संगणकावर सोडविण्याचे स्वाध्याय तयार करणाऱ्या या संघटनेने २००६ मध्ये माध्यमिक वर्गासाठी एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. निरनिराळ्या गावांतील अनेक शिक्षकांनी ते इंटरनेटद्वारे एकत्रितपणे लिहिले होते. त्याची संगणकीय प्रत विनामूल्य व बदलता येण्याजोगी होती, तर छापील प्रत विकत मिळे. दक्षिण आफ्रिकेत २००२ मध्ये सुरू झालेल्या विज्ञानाच्या मुक्त पाठ्यपुस्तकांच्या उपक्रमातून पुढे ‘सियावुला’ ही संस्था उभी राहिली. तिची दहावी ते बारावीची गणित व भौतिकीय विज्ञानाची पुस्तके २०१२ मध्ये शासनाने छापून शाळांना वाटली. परवाना मुक्त असल्याने शासनाला पुस्तकांच्या हक्कांसाठी स्वतंत्र मोल द्यावे लागले नाही.

भारत : केरळमध्ये २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने माध्यमिक शाळांत मुक्त संगणकप्रणालींचा वापर रूढ केला. कर्नाटकात गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे शिकविणाऱ्या माध्यमिक शिक्षकांचे विषयवार गट संघटित करण्यात आले आणि त्यांच्या सहभागातून २०१३ च्या सुमारास कन्नड व इंग्रजी भाषांतील मुक्त साधनांचे भांडार उभे राहिले. केंद्र शासनाने १३ ऑगस्ट २०१३ रोजी राष्ट्रीय मुक्त शैक्षणिक साधनांचे भांडार आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे शिक्षकांसाठीचे व्यासपीठ सुरू केले. २०२० मध्ये ‘विद्यादान’ या उपक्रमाद्वारे दीक्षावर साहित्य देण्याचे आवाहन शिक्षकांना व संस्थांना करण्यात आले. या दोन प्रकारांत महत्त्वाचा भेद आहे. कर्नाटकातील प्रयत्नात शिक्षक हा लेखक होता. केंद्रीय व्यासपीठावर साहित्याची छाननी करणारी यंत्रणा असते आणि बहुसंख्य शिक्षक वापरकर्तेच राहतात. पहिल्यात गुणवत्तेची हमी कमी, तर दुसऱ्यात स्थानिक गरजेप्रमाणे फेरफार करण्यास वाव कमी.

महाराष्ट्र : मराठी शिक्षकांपुढे दीर्घकाळ लिपीचाच अडथळा होता. खाजगी कंपन्यांच्या मराठी टंकांत अक्षरांची संकेतयोजना निरनिराळी असे. त्यामुळे एका शाळेत टंकलिखित केलेली प्रश्नपत्रिका, तोच टंक नसलेल्या दुसऱ्या शाळेतील संगणकावर उघडल्यास निरर्थक चिन्हांची रांग दिसे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश होता आणि विंडोज २००० पासून सर्वसामान्य संगणकांवर तिचा वापर शक्य झाला. परंतु शाळा व मुद्रणालये यांच्या सवयी सावकाश बदलल्या. परिणामी जुन्या टंकांत साठविलेले पुष्कळ साहित्य रूपांतराविना निरुपयोगी ठरले.

१९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाची (बालभारती) पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. मात्र त्यांचे सर्व हक्क मंडळाने राखून ठेवलेले असून त्यांतील भाग उद्धृत करण्यास लेखी परवानगी लागते. विनामूल्य आणि मुक्त यांतील फरक यावरून स्पष्ट होतो. पाठ्यपुस्तकाला संगणकीय साहित्याशी जोडणाऱ्या क्यूआर संकेताचा वापर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील प्राथमिक शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी प्रथम आपल्या शाळेत केला व पुढे तो राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आला. डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा शिक्षकांनी ध्वनिचित्रफिती व स्वाध्याय मुख्यतः भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲप गटांतून एकमेकांस पाठविले. हा मार्ग सर्वांना सुलभ होता. पण तेथे पाठविलेले साहित्य काही दिवसांतच नव्या संदेशांखाली दबून जाई, कर्त्याचे नाव गळून पडे आणि चूक सुधारलेली प्रत कोणती, हे कळण्यास मार्ग नसे. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता, तेथील विद्यार्थ्यांपर्यंत ते पोहोचलेच नाही.

मूल्यमापन : साधनांच्या विपुलतेमुळे शिक्षकाचे श्रम आपोआप कमी होत नाहीत. योग्य साधन शोधणे, त्याची अचूकता पडताळणे आणि आपल्या वर्गाच्या पातळीशी ते जुळविणे, यांस वेळ लागतो व हा वेळ शाळेच्या वेळापत्रकात क्वचितच धरलेला असतो. म्हणून साहित्यावर इयत्ता, घटक, भाषा, कर्ता, परवाना आणि दुरुस्तीचा दिनांक यांची नोंद असणे, तसेच ते संपादनक्षम स्वरूपात असणे आवश्यक ठरते. बदलता न येणारी फीत वा बंदिस्त चित्र दाखविता येते. त्यातील उदाहरण बदलून आपल्या गावचे घालता येत नाही. रॉविच यांनी १९७५ मध्ये आपल्या जुन्या आज्ञावलीत सुधारणा केली, ती तिची संहिता त्यांच्या हाती होती म्हणूनच. जेथे शिक्षकाला संहिता, परवाना आणि वेळ या तिन्ही गोष्टी मिळाल्या, तेथे देवाणघेवाणीतून पाठ्यपुस्तकेही निर्माण झाली. जेथे त्यांपैकी एकीचीही उणीव राहिली, तेथे भांडारे भरली, तरी शिक्षक त्यांचा केवळ ग्राहकच राहिला.