टेपची कड आणि रंगाचा कंगोरा

मोटारीच्या पत्र्यावर किंवा मोटारसायकलच्या टाकीवर दोन रंग जेथे मिळतात तेथे, मास्किंग टेप सोलून काढल्यानंतर, रंगाचा एक बारीक उंच कंगोरा मागे राहतो. ओला रंग टेपच्या कडेला भिडला की पृष्ठताणामुळे तिच्यावर किंचित चढतो, तेथे इतर जागेपेक्षा जाड साचतो आणि टेप निघाल्यावर तसाच उभा राहतो. तो नुसत्या डोळ्याला क्वचितच जाणवतो, परंतु वरून क्लिअरचा, म्हणजे रंगहीन पारदर्शक लेपाचा, चकचकीत थर बसला की त्यात पडणारे प्रतिबिंब नेमके याच रेषेवर मोडते. हा केवळ रंगाऱ्याच्या हलगर्जीपणाचा दोष मानणे अन्यायाचे आहे, कारण 1920 च्या दशकात अमेरिकी मोटार-उद्योगात झटपट वाळणारा रंग, फवारा आणि टेप ही तीन साधने एकत्र आली, त्या योगातच त्याचे मूळ आहे.

त्यापूर्वी बग्ग्या आणि सुरुवातीच्या मोटारी तेलयुक्त रंगांनी व वार्निशाने रंगवल्या जात; एकेक हात वाळण्यास दिवस लागत, संपूर्ण काम कित्येक आठवडे चाले, आणि दोन रंगांचा सांधा कुशल कारागीर लांब केसांच्या कुंचल्याने ओढलेल्या रेघेखाली झाकत. ड्युपाँ कंपनीचे ‘ड्युको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे द्रावक उडून जाताच कठीण होणारा रंग, 1924 च्या ओकलंड मोटारींवर आले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. इतक्या लवकर वाळणारा रंग मोठ्या पत्र्यावर कुंचल्याने सारखा पसरवणे अवघड असल्याने तो फवारला जाऊ लागला. मात्र फवाऱ्याचे तुषार रेषेवर थांबत नाहीत, आणि दुरंगी मोटारींची आवड तर वाढतच होती. रंगारी वर्तमानपत्रे, खळ आणि वैद्यकीय चिकटपट्ट्या वापरून नको तो भाग झाकत, पण पट्टी ओढताना ताजा रंगही तिच्याबरोबर निघून येई.

या अडचणीवरचा उपाय मिनेसोटातील सेंट पॉल येथे, सँडपेपर बनवणाऱ्या कंपनीत सापडला, ही गोष्ट या इतिहासात विशेष लक्षणीय आहे. पुढे थ्रीएम या नावाने प्रसिद्ध झालेल्या या कंपनीने फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकी यांच्याकडून पाण्यात न विरघळणाऱ्या पॉलिश पेपरचे, म्हणजे वॉटर पेपरचे, हक्क घेऊन 1921 मध्ये तो बाजारात आणला होता. पाणी लावून घासल्याने रंगकामगारांना त्रास देणारी धूळ उडत नसे. याच पेपरचे नमुने घेऊन रिचर्ड ड्र्यू हा प्रयोगशाळेतील तरुण कर्मचारी गॅरेजांमध्ये जात असताना त्याने रंगाऱ्यांची फजिती पाहिली आणि 1925 मध्ये चुणीदार क्रेप कागदावर सौम्य चिकट लावलेली टेप तयार केली. म्हणजे कंगोरा उठवणारी टेप आणि तो बसवणारा वॉटर पेपर एकाच कारखान्यातून आले, आणि त्यांत उपाय दोषाच्या आधी जन्मला.

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात मोटारी हौसेने बदलून रंगवण्याची कला बहरली आणि कंगोऱ्याचा प्रश्न तीव्र झाला. लॅरी वॉटसनसारख्या रंगाऱ्यांच्या कामात ज्वाळा, टोकदार पट्टे आणि चौकटी एकमेकांवर येत, तर जो बेलॉन यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या कँडी रंगात चमकत्या तळावर पारदर्शक रंगाचे अनेक हात चढत. जितके हात, तितकी कड उंच. ज्वाळेभोवती ओढलेली बारीक रेघ शोभेची खरीच, पण बग्गीच्या काळाप्रमाणे ती सांधाही झाकत असे. पूर्वी मुख्यतः छायाचित्रे सुधारण्यासाठी वापरला जाणारा एअरब्रश, म्हणजे लेखणीएवढा फवारा, या कामी मोलाचा ठरला, कारण त्यातून रंग अत्यल्प पडतो. टेपच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पातळ, जवळजवळ कोरडे हात मारले तर कडेशी साचण्याइतका ओला रंगच उरत नाही.

तरीही उठलेला कंगोरा थेट घासणे धोक्याचे असते, कारण कँडी घासली की त्या जागी छटा फिकी पडते आणि धातुकणांच्या रंगात कण कापले जातात. म्हणून आधी क्लिअरचे हात देऊन, ते पुरते वाळल्यावर, ठोकळ्यावर गुंडाळलेल्या बारीक वॉटर पेपरने घासतात. कंगोऱ्याच्या माथ्यावर क्लिअर सर्वांत पातळ असते, त्यामुळे तेथे हात जड झाला तर खालचा रंग उघडा पडतो. लॅकरच्या काळात नवा हात जुन्याला किंचित विरघळवून त्यात मिसळे आणि कड थोडी आपोआप बोथट होई. पुढे हार्डनर, म्हणजे लेप कठीण करणारे रसायन, मिसळून वापरायची युरेथेन क्लिअर रूढ झाली. ती एकदा पक्की झाली की वरच्या हाताने विरघळत नाही, आणि नव्या थराला पकड मिळते ती केवळ घासल्याने पडलेल्या सूक्ष्म ओरखड्यांतून. त्यामुळे क्लिअर फवारणे, वाळवणे, कंगोऱ्याच्या दोन्ही बाजू समपातळीत येईपर्यंत घासणे आणि पुन्हा फवारणे ही फेरी जाड कामात एकाहून अधिक वेळा करावी लागते.