पाटीवरची आई

मुंबईत दुखणं लांबलं की शेजारीपाजारी सांगतात, ‘नायरला दाखवा.’ परळ-लालबागच्या चाळींत तान्ह्या मुलाचा ताप उतरेना झाला, तर पिढ्यान्‌पिढ्या एकच सल्ला मिळत आला आहे, ‘वाडियात न्या.’ आणि घरातल्या मुलीला पुढे शिकायचं असेल, तर चर्चगेटच्या ‘एसएनडीटी’चं नाव निघतंच. ही तीन नावं शहराच्या बोलण्यात इतकी रुळली आहेत, की त्यांच्यामागे माणसं होती हे लक्षातही येत नाही. पूर्ण पाटी वाचली तर ती माणसं दिसतात. बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर, बाई जेरबाई वाडिया आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. तिघी कुणाच्या तरी आई होत्या, आणि त्यांच्या मुलांनी त्यांची आठवण या शहरात अशी बांधून ठेवली.

गेलेल्या आईची किंवा पत्नीची आठवण आपल्याकडे मुळात घराच्या आतली गोष्ट. भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या स्त्रीसाठी सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची, जमेल तर तिला लुगडं किंवा चोळखण द्यायचा. गेलेलीला जे आवडायचं, ते त्या दिवशी पानात हमखास वाढलं जातं. पुष्कळ घरांत नवरा हयात असेपर्यंतच ही नवमी करतात. त्याच्यानंतर तिची वेगळी तिथी उरत नाही. आईच्या श्राद्धासाठी गुजरातेतल्या सिद्धपूरची वाट धरणारेही असत. मातृगया म्हणून ते क्षेत्र ओळखलं जातं, आणि कपिलमुनींनी आपल्या आईला, देवहूतीला, तिथेच मोक्ष मिळवून दिला अशी श्रद्धा आहे. ऐपत असेल तर देवळाला एखादी पायरी, फरशी किंवा घंटा दिली जाई. गावोगावच्या देवळांत ‘कै. सौ. … यांच्या स्मरणार्थ’ अशी अक्षरं आजही पायाखाली किंवा भिंतीवर दिसतात.

मोठं स्मारक उभारणं राजघराण्यांनाच शक्य होतं. औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा हे त्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ मध्ये याच शहरात वारली. धाकटा मुलगा अकबर जन्मून जेमतेम महिना झाला होता. मकबऱ्याचं श्रेय अनेकदा तिचा मुलगा आझमशहा याला दिलं जातं, पण आई गेली तेव्हा तो अवघा चार वर्षांचा होता. आईविना वाढलेल्या त्या मुलाचं नाव लोकांनी या वास्तूला जोडून ठेवलं, हे मात्र खरं. तिथल्या शिलालेखात अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता अशी दोघांची नावं आहेत.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईने ही रीत बदलली. कापसाच्या आणि गिरण्यांच्या पैशावर पारशी, भाटिया, गुजराती आणि मराठी घराणी वर आली. धर्मशाळा, विहीर, पांजरपोळ हे दानाचे जुने प्रकार त्यांना ठाऊक होतेच. त्यांत आता दवाखान्याची आणि शाळेची भर पडली. परपुरुष डॉक्टरने तपासलेलं चालत नाही म्हणून घरच्या घरी मरणाऱ्या बायकांचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. १८८६ मध्ये पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया आणि मुलांसाठी कामा इस्पितळ सुरू झालं आणि त्याची सूत्रं डॉ. एडिथ पेची या स्त्री-डॉक्टरच्या हाती आली. पैसा कुठे लावला तर बायकांच्या उपयोगी पडेल, हे त्यातून शहरातल्या धनिकांना दिसलं. पुढच्या पिढीने तो पैसा लावला, आणि लावताना पाटीवर आईचं नाव घातलं.

त्यातलं सर्वांत दूरगामी दान सर विठ्ठलदास ठाकरसी यांचं. विठ्ठलदास भाटिया गिरणीमालक. १९११ मध्ये मुंबईत जी मध्यवर्ती सहकारी बँक निघाली आणि आज महाराष्ट्र राज्य सहकारी बँक म्हणून ओळखली जाते, तिच्या उभारणीत लल्लूभाई सामळदास यांच्यासोबत ते होते. इकडे पुण्यात अण्णासाहेब कर्वे जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून झपाटले होते. १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी हिंगण्याच्या परिसरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या विद्यार्थिनी घेऊन महिला विद्यापीठ काढलं. मुलींना त्यांच्या भाषेत उच्च शिक्षण द्यायचं, हा त्यांचा आग्रह. सरकारची मान्यता नाही, पैसा नाही. अण्णासाहेब गावोगाव वर्गणी मागत हिंडत होते. १९२० मध्ये विठ्ठलदासांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं.

दोनच वर्षांनी विठ्ठलदास वारले. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्यालय मुंबईला आलं. १९५१ मध्ये त्याला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तेव्हा पहिल्या कुलगुरू झाल्या त्या विठ्ठलदासांच्या पत्नी, लेडी प्रेमलीला ठाकरसी. पुण्यातलं त्यांचं ‘पर्णकुटी’ हे घर १९३३ च्या गांधीजींच्या उपवासामुळे देशभर ठाऊक झालं होतं. सासूच्या नावाचं विद्यापीठ सुनेने चालवलं.

नायर इस्पितळाची हकीकत असहकाराच्या दिवसांतली. सरकारी महाविद्यालयांवर बहिष्काराची हाक होती. १९२१ मध्ये मुंबईत राष्ट्रीय वृत्तीच्या डॉक्टरांनी नॅशनल मेडिकल कॉलेज काढलं. विद्यार्थी मिळाले, पण शिकायला रुग्णालय हवं. औषधांच्या व्यापारात नाव कमावलेले डॉ. ए. एल. नायर यांनी जागा दिली, इस्पितळ उभारलं आणि त्याला आपल्या आईचं, यमुनाबाईंचं, नाव दिलं. महाविद्यालयाला पुढे टोपीवाले देसाई घराण्याच्या देणगीचा आधार मिळाला आणि ते टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज झालं. १९४६ मध्ये दोन्ही संस्था मुंबई महापालिकेकडे आल्या. आज इस्पितळासमोरच्या रस्त्याला मुलाचं नाव आहे आणि आतल्या खाटांवर रोज हजारो माणसांची सेवा होते ती आईच्या नावाने.

वाडियांच्या बाबतीत क्रम थोडा वेगळा आहे. गिरणीमालक नौरोजी नसरवानजी वाडिया १८९९ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी जेरबाई यांनी वैधव्यातली वर्षं एका ध्यासाने घालवली. मुंबईत येणाऱ्या कमी मिळकतीच्या पारशी कुटुंबांना परवडणाऱ्या भाड्यात चांगली घरं मिळावीत म्हणून त्यांनी वसाहती उभारायला घेतल्या. लालबाग, भायखळा, कुलाबा इथल्या वाडियांच्या ‘बागां’मागे हीच प्रेरणा आहे. मुलगे कुसरो आणि नेस यांनी परळला, गिरणगावाच्या ऐन मध्यावर, आधी १९२६ मध्ये वडिलांच्या नावाने प्रसूतिगृह काढलं आणि १९२९ मध्ये त्याच्या शेजारी आईच्या नावाने मुलांचं इस्पितळ. फक्त मुलांसाठी वेगळं रुग्णालय ही कल्पनाच तेव्हा इथे नवी होती. गिरणी कामगाराची बायको एका दारातून बाळंत होऊन बाहेर पडे आणि मूल आजारी पडलं की शेजारच्या दारातून आत येई.

पत्नीसाठी केलेल्या दानांत सर दोराबजी टाटा यांचं दान विसरता येणार नाही. त्यांच्या पत्नी मेहेरबाई म्हणजे शिक्षणाधिकारी होरमसजी भाभा यांची मुलगी आणि शास्त्रज्ञ होमी भाभांची आत्या. साडी नेसून टेनिसच्या स्पर्धा गाजवणारी, बालविवाहाविरुद्ध आणि स्त्रीशिक्षणासाठी देशात-परदेशात बोलणारी ही बाई जून १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेली. या रोगावर तेव्हा उपायच नव्हता. दोराबजींनी १९३२ मध्ये तिच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापला आणि त्याचा बहुतांश निधी जगभरातल्या ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ठेवला. त्याच वर्षी जूनमध्ये, पत्नीच्या कबरीला भेट द्यायला इंग्लंडकडे निघालेले दोराबजी वाटेत जर्मनीत वारले. इंग्लंडमध्ये ब्रुकवुडच्या दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. मेहेरबाईंकडचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा विकून आलेला पैसाही ट्रस्टच्याच कामी आला. खेड्यापाड्यांतून ‘टाटा’ला येणाऱ्या कर्करोग्याच्या वाट्याला तो असा आला.

ज्यांच्याकडे लाख नव्हते त्यांनी काय केलं? त्यांनी लिहिलं. पालगडच्या यशोदाबाई साने १९१७ मध्ये गरिबीत गेल्या. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांच्या मुलाने रात्रीच्या वेळी काही दिवसांत एक पुस्तक लिहून काढलं. ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये छापलं गेलं आणि आचार्य अत्र्यांच्या चित्रपटाने १९५४ मध्ये पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं. त्याच १९३५ च्या मे महिन्यात रमाबाई आंबेडकर दादरच्या ‘राजगृहा’त गेल्या. बाबासाहेबांनी पाच वर्षांनी आलेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा राजकीय ग्रंथ आपल्या ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केला. फाळणीच्या प्रश्नाची चिकित्सा करणाऱ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर वणंदच्या त्या मुलीचं नाव आलं.

इथे एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्ट बोलायला हवी. नाथीबाई आणि यमुनाबाई यांची नावं लाखो लोक घेतात, पण त्या कशा होत्या, काय बोलत, कशावर रागवत, मुलांना कसं वाढवलं, यातलं जवळपास काही वाचकापर्यंत पोचलेलं नाही. याउलट बायकांनी नवऱ्यांच्या आठवणी लिहिल्या तेव्हा ती माणसं जिवंत राहिली. रमाबाई रानड्यांच्या १९१० च्या पुस्तकातले न्यायमूर्ती आजही घरातल्यासारखे वाटतात. लक्ष्मीबाई टिळकांनी लेखणी धरली ती नवऱ्याच्या चरित्राला मदत म्हणून, आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झाली. आनंदीबाई कर्व्यांनी ‘माझे पुराण’ सांगितलं म्हणून अण्णासाहेबांच्या संसारात त्यांनी किती ओढाताण सोसली ते कळतं. सान्यांच्या मुलाने जे आईसाठी केलं, ते करणारे मुलगे मात्र थोडेच निघाले.

मुलांनी आईच्या नावाने विद्यापीठं आणि इस्पितळं उभारली, हे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातलं फार मोठं काम आहे. त्याने लाखो मुली शिकल्या आणि लाखो मुलं वाचली. पण ते काम अर्धं आहे. या संस्थांनी आपल्या प्रवेशद्वाराशी त्या बाईचं छोटं चरित्र लावावं. घराण्यांकडे पत्रं, छायाचित्रं, वह्या असतील तर त्या अभ्यासकांसाठी खुल्या कराव्यात. आणि जे वाचक यंदा पितृपक्षात आईच्या नावाने पान वाढतील, त्यांनी त्या दिवशी घरातल्या मोठ्यांना जवळ बसवून तिच्याविषयी विचारावं आणि ते वहीत उतरवून घ्यावं. तिचं माहेरचं नाव, गाव, शाळा, तिच्या हातचा पदार्थ, तिचं न झालेलं शिक्षण, सगळं. आत्या, मावशा, मामा आहेत तोवर हे करायला हवं.