रसभरी : एका परक्या बीजाचा अधिवास

देवापुढील फळांच्या ताटात रसभरी चालते काय, असा प्रश्न आमच्या मंडळींत अधूनमधून निघतो. फळ विलायती, सबब नैवेद्यास अयोग्य, असे एक पक्ष म्हणतो. खटला लहान खरा. परंतु देवाच्या ताटातून कोणासही काढण्यापूर्वी त्याचे कुळ तपासणे न्यायाचे होय.

या झाडाचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारांवर. लिनियस या स्वीडिश पंडिताने १७६३ साली त्यास जे शास्त्रीय नाव दिले, त्यात पेरू देशाचाच निर्देश आहे. पुढे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केप वसाहतीत त्याची लागवड रुळली आणि इंग्रजांनी मुक्कामाचे नाव तेच कुळाचे ठरविले : 'केप गूजबेरी'. खऱ्या गूजबेरीशी त्याचे काहीच नाते नाही. (आमच्या आवळ्यासही इंग्रज गूजबेरीच म्हणत आले!) त्याचे खरे भाऊबंद म्हणजे वांगे, मिरची, बटाटा आणि निपाणीची तंबाखू, पावसाळ्यात रानात उगवणारी चिरबोटी ही तर चुलत बहीणच.

१८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे तेथे लष्करी छावणी वसली. सुमारे अडीच हजार फूट उंची, सौम्य हवा आणि निचऱ्याची तांबडी माती विलायती भाजीपाल्यास मानवली. रसभरीही छावणीच्या बागांतून, माळ्यांच्या हातून आमच्या परसांत उतरली असावी.

आता प्रतिपक्षाचे ताट पाहू. एकादशीच्या फराळातील बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे चौघेही अमेरिकेचे! सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे आमच्या पूर्वजांनी गोव्यातील देव हलविले; त्याच पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेला काजू आज देवाच्या खिरीत आहे, आणि त्यावर कोणी हरकत घेतल्याचे आम्ही ऐकले नाही. श्राद्धाच्या स्वयंपाकात बटाटा-टोमॅटो वर्ज्य मानणारी घरे आहेत. तो पितृकार्याचा वेगळा नियम, त्याचा आधार येथे घेता येणार नाही.

कायद्यात अधिवास सिद्ध होतो तो प्रत्यक्ष वास्तव्याने आणि तेथेच राहण्याच्या इराद्याने. (१९५६ साली आमच्या भागाचे राज्य बदलले, त्याविषयीचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, त्या मानाने फळाचे प्रकरण सोपे.) रसभरीचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून घरच्या बियाण्यातून आईच्या गुणाचेच रोप येते. एका फळात शंभराहून अधिक बिया. पूर्ण पिकलेले फळ पाण्यात कुस्करावे, तळाशी बसलेले बी धुऊन सावलीत वाळवावे. मृगाच्या सुमारास चाळलेल्या मातीच्या खोक्यात ते पेरून वर जेमतेम माती भुरभुरावी. आषाढाचा मुसळधार पाऊस ओसरल्यावर रोपे अडीच-तीन फुटांवर लावावीत. शेणखत बेतानेच घालावे. उदारपणा केल्यास पानेच माजतात, आणि मग लोक बियाण्यास दोष देतात.

निपाणीकडील वाचकांस एक सूचना. तंबाखूस लागणारी अळी व पाने चितकबरी करणारा रोग या झाडासही लागतो. म्हणून तंबाखूच्या शेताशेजारी ते लावू नये. तंबाखू हाताळली असेल तर हात धुतल्यावाचून रोपांस शिवू नये.

थंडीत वेष्टन गवताच्या रंगाचे होऊन वाळते आणि फळ आपणच खाली पडते. हिरवे फळ विषारी असते, ते मुलांच्या हाती लागू देऊ नये. पिकलेले मात्र वेष्टनासह कोरडे ठेवल्यास काही आठवडे टिकते. आमचा निकाल ताटाच्या बाजूने आहे. वेष्टन काढून ठेवावे की तसेच, हा मुद्दा आम्ही भटजींवर सोपवितो. ताटात मांडण्यापूर्वी दोन मोठी फळे तेवढी बियाण्यासाठी बाजूस काढावीत.