बुलगोगी आणि नांगराचा बैल

आता बुलगोगीकडे येऊ. ‘बुल’ म्हणजे विस्तव, ‘गोगी’ म्हणजे मांस. आज कोरियन घरांत गोमांसाचे पातळ काप सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचं तेल आणि किसलेली नासपती यांत मुरवून तव्यावर परततात. ही परंपरा थेट गोगुर्यो राज्यापासूनची, असं हौसेनं सांगतात. पण इतक्या मागचा धागा सलग दाखवता येत नाही, तेव्हा आपण जरा अलीकडे थांबू.

१३९२ साली जोसॉन राजवट आली, ती पाचशे वर्षं टिकली. तिने गुरं कापायला वारंवार मनाई केली. कारण सरळ आहे: बैल गेला की नांगर थांबला, नांगर थांबला की सारा बुडाला. आणि तरी दरबारात, बड्या घरांत ‘नॉबिआनी’ होतीच! रुंद काप, सुरीनं चिरा पाडून, मुरवून निखाऱ्यावर भाजलेले. एकोणिसाव्या शतकाअखेरच्या ‘शिउइजॉनसॉ’ या पाककृतींच्या पुस्तकात ती सापडते.

मग नासपती कशाला? तिच्यातली एन्झाइम्स मांस मऊ करतात. शेतात वर्षानुवर्षं राबलेल्या बैलाचं मांस चिवटच असणार. चिरा पाडणं, मुरवणं हे त्यावरचेच उपाय असावेत, असं आम्हाला वाटतं.

(प्रश्न आलाय, घरी किती वेळ मुरवायचं? पातळ कापांना अर्धा तास पुरे. नासपतीऐवजी किवी घातलंत, तर रात्रभर मात्र ठेवू नका, लगदा होतो.)